अडीच रुपये आणि आमचे भावोजी

आमच्या भावोजींनी उभ्या आयुष्यात एकाही नोटेकडे पैसा म्हणून पाहिलेलं नाही. थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून गेली अडतीस वर्षं मी त्यांना जवळून बघते आहे, तेव्हा हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करते. कर्जतच्या बाजारात भाजीवालीने सुटे परत दिले की आपण ते पाकिटात कोंबतो. भावोजी ते उन्हाकडे धरतात. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, मग डोळे मिटून अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये हलकेच चोळून. मागे गिऱ्हाइकं खोळंबतात. एकदा भाजीवाली वैतागून म्हणाली, "काका, नोट खरी हाय, मी काय घरी छापत नाय." त्यावर भावोजी अतिशय सहानुभूतीने म्हणाले, "खरी आहे गं. पण फार दमलीय बिचारी." आणि ती नोट त्यांनी घडी न घालता, आजारी माणसाला आडवं करावं तशी, वहीच्या दोन पानांत ठेवली. पाकीट ते वापरत नाहीत. पाकिटात नोटेची कंबर मोडते असं त्यांचं म्हणणं आहे.

ह्या वेडाचं मूळ त्यांच्या नोकरीत असावं. खोपोलीच्या एका कागद गिरणीत ते बत्तीस वर्षं कागद तपासायला होते. तयार झालेला कागद घ्यायचा, त्याचं वजन करायचं, ताणून ताणून फाडायचा आणि किती जोराला फाटला ते लिहून ठेवायचं. "दिवसभर कागद फाडतात आणि त्याचा पगार घेतात," असं ताईने लग्नानंतर पहिल्यांदा आईला सांगितलं, तेव्हा आई दोन दिवस काळजीत होती. लग्नपत्रिका हातात आली की आपण मुहूर्त बघतो, भावोजी कागद चाचपतात. "जाड आहे, तीनशे ग्रॅमचा. मुलाकडचे दणकट दिसतात." माझ्या लेकीच्या लग्नाची पत्रिका मी शिक्षिकेच्या पगारात बसेल अशी छापून घेतली होती. भावोजींनी ती बोटांत धरली आणि एक शब्दही न बोलता ताईच्या हातात दिली. पुढे महिनाभर ते माझ्याशी फार मायेने वागत होते.

ते जमवतात इंग्रजांच्या काळातल्या कागदी नोटा. नाणी नाहीत. कुणी कौतुकाने चांदीचा रुपया दाखवायला आणला तर ते तो बशीत ठेवतात आणि पावसापाण्याच्या गप्पा मारतात. धातू टिकला त्यात काय विशेष, असं त्यांचं मत. कागद मात्र उंदरांतून, वाळवीतून, बायकांच्या कनवटीतून आणि पुरुषांच्या घामट खिशांतून शंभर वर्षं वाचला, ही खरी कर्तबगारी. त्यांच्या नोटांवर दोन राजे आहेत, एक दाढीवाला आणि दुसरा त्याचा बिनदाढीचा मुलगा. ताईला त्यांची नावं कधी पाठ झाली नाहीत. घरात त्यांचा उल्लेख 'दाढीवाले' आणि 'चिरंजीव' असाच होतो. घरी आलेल्या कुणाचीही ह्या दोघांची भेट घेतल्याशिवाय सुटका नसते. विजेचं मीटर बघायला येणारा माणूस हल्ली फाटकातूनच ओरडतो, "काका, आज घाई हाय, दाढीवाले पुढच्या महिन्यात."

आमच्याकडचे पावसाचे चार महिने म्हणजे भावोजींचा मोठा छळ. भिंतींना पाझर, चपलांना बुरशी, पापड मऊ. अशात शंभर वर्षांचा कागद सांभाळायचा म्हणून त्यांनी नोटांच्या लोखंडी कपाटात चाळीस वॅटचा दिवा लावला होता, तो जूनपासून नवरात्रापर्यंत जळायचा. माझी भाची तान्ही असताना तिची दुपटी वाळेनात, म्हणून ताईने ती एक दिवस त्या कपाटात टांगली. भावोजी पाळीवरून आले, कपाट उघडलं आणि नोटांच्या अंगावर ओलावा सोडल्याबद्दल तक्रार करू लागले. ताई म्हणाली, "मुलगी तुमची आहे. ते राजे कोण लागतात तुमचे?" ह्यावर त्यांनी थोडा वेळ विचार केला, हे ताई अजून विसरलेली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुपट्यांसाठी वेगळा दिवा आणला. पुढे बुटांच्या खोक्यातून ओलावा शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या येऊ लागल्या, तेव्हा सगळी आळी त्या पुड्या भावोजींकडे पोचवायला लागली. नवे बूट कुणी घेतले हे आळीत सगळ्यात आधी त्यांना कळायचं.

सांत्वनाला जातानाही त्यांचं लक्ष माळ्यावरच्या ट्रंकेकडे असायचं. ताईने शेवटी घरातल्या घरात कायदा केला, की तेराव्याच्या आधी कुणालाही जुन्या कागदांबद्दल विचारायचं नाही. त्यांनी तो पाळला, पण चौदाव्या दिवशी सकाळी आठला ते तिथे हजर असत. आणि शिळफाट्याच्या एका दुकानदाराने आजोबांची दाढीवाली दहाची नोट प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून अभिमानाने पुढे केली, तेव्हा भावोजी तांदळाच्या गोणीवर मटकन बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. घरी येऊन जेवले नाहीत. ताईने फोनवर मला सांगितलं, "आमच्याकडे आज सुतक आहे."

इतकं सगळं असून त्यांच्या संग्रहात एक नोट नव्हती. अडीच रुपयांची. अशी नोट होती हे मलाही त्यांच्याकडूनच कळलं. पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला म्हणून सरकारने छोट्या किमतीच्या कागदी नोटा काढल्या, त्यात ही दोन रुपये आठ आण्यांची. थोडीच वर्षं चालली आणि परत घेतली गेली. मुंबईच्या प्रदर्शनांत काचेखाली ती दिसायची, पण तिची किंमत गिरणीतल्या माणसाच्या आवाक्यातली नव्हती. भावोजी ह्या नोटेबद्दल बोलताना आवाज जरा खाली आणायचे.

ती त्यांना कडावला दिसली. जुन्या सहकाऱ्याच्या घरभरणीला निघालेले भावोजी पत्ता चुकले आणि एका घरी पाणी मागायला थांबले. शेणाने सारवलेली ओटी, बाजूला दोन म्हशी. घरातल्या म्हाताऱ्या मावशींनी तांब्या पुढे केला आणि भावोजींची नजर आतल्या भिंतीवर गेली. गणपतीची तसबीर, विठ्ठलाची तसबीर आणि त्यांच्या मध्ये एका चौकटीत, काचेमागे, लाकडी फळीवर चिकटवलेली अडीच रुपयांची नोट. पाणी प्यायचं तसंच राहिलं. घरभरणीला ते पोचलेच नाहीत.

ती नोट मावशींच्या आजेसासऱ्याची, धाकूची. खोपोलीचं वीजघर वाढवताना नवे मोठाले पाइप घाटात चढवायला जे शेकडो मजूर होते त्यांतला तो एक. मजुरी चांदीच्या रुपयांत मिळायची, आणि एके दिवशी त्याच्या हातावर हा कागद ठेवला गेला. गावातल्या दुकानदाराने तो पूर्ण किमतीला घ्यायला नकार दिला. धाकू संतापला. आपल्याला कागद देऊन फसवलं, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून त्याने भाताच्या खळीने ती नोट फळीवर चिकटवली आणि फळी भिंतीला ठोकली. पुढे मावशींच्या नवऱ्याने तिला काच बसवली. "म्हातारा मरस्तवर बोट दाखवून सांगायचा," मावशी म्हणाल्या, "बगा, ही माजी मजुरी."

भावोजींनी अडखळत विचारलं, विकणार का. मावशींनी साफ सांगितलं, "इकायची नाय. त्यानं सोताच्या हातानं चिकटवलीय. बघायला कवा बी या."

मग भावोजी बघायला जाऊ लागले. महिन्यातून एकदा, अकरा वर्षं. आधी स्वतःच्या सायकलवर, गुडघे दुखायला लागल्यावर माझ्या स्कूटरवर मागे बसून. मला ते 'मास्तरीणबाई' म्हणतात. "मास्तरीणबाई, उद्या कडावला जरा काम होतं." काम म्हणजे स्टुलावर चढायचं, खिशातलं भिंग काढायचं आणि अर्धा तास नोट न्याहाळायची. मावशी खालून विचारायच्या, "काय नवीन दिसलं का रं?" पहिल्या वर्षी त्या 'तुमी' म्हणायच्या, दुसऱ्या पावसाळ्यात भावोजींना 'रं' लागला. नोट बघून झाली की घट्ट दुधाचा चहा, आणि मग म्हशींचं, भाताचं, सुनेचं, टेंपो चालवणाऱ्या मुलाचं. सुरुवातीला भावोजी अर्ध्या कानाने ऐकायचे. पुढे पुढे मला असं दिसलं, की स्टुलावरची वेळ कमी होते आहे आणि ओटीवरची वाढते आहे. नोट किमती आहे हे त्यांनी मावशींना अनेकदा सांगितलं होतं. किती, ते मात्र कधी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही. जे त्यांना पैसा वाटतच नाही त्याची किंमत ते कशाला सांगतील, असं मला तेव्हा वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात मावशी गोठ्यात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. पनवेलच्या इस्पितळात ऑपरेशन करायचं ठरलं. मुलगा पैशाची जमवाजमव करत होता, आणि अशाच एका सकाळी तो टेंपो घेऊन भावोजींच्या दारात आला. टॉवेलात गुंडाळलेली चौकट त्याने टेबलावर ठेवली. आई हो म्हणाली, असं त्याने सांगितलं. "काका, तुमाला आवडते तर तुमीच घ्या. पाच हजार द्या." भावोजींनी कपाटातून पाच हजार काढून दिले. तो गेला. ताई तेव्हा देवळात होती.

आठ दिवसांनी ताईचा मला फोन आला. म्हणाली, ह्यांना काहीतरी झालंय, कुणाला काही दाखवतच नाहीत. मीटरवाला आला आणि तसाच गेला. जेवण कमी झालंय, विचारलं तर काही नाही म्हणतात. मी गेले. भावोजी खुर्चीत बसले होते, दाढी वाढलेली. ताई चहा ठेवायला गेली तसे ते उठले, कपाट उघडलं आणि कपड्यांच्या मागून ती चौकट काढून माझ्यासमोर ठेवली. आजवर मी ती नोट भिंतीवरच पाहिली होती. टेबलावर ती फार लहान दिसत होती.

मी विचारलं, किती दिले. त्यांनी सांगितलं. मग विचारलं, खरी किंमत किती. त्यांनी फोनवर मुंबईतल्या एका लिलावाचा आकडा दाखवला. लाखाच्या बराच पुढचा होता. एवढे पैसे आपल्याकडे नाहीत, ते म्हणाले, आणि सांगितलं असतं तर ती आपल्याला मिळाली नसती. हे सगळं त्यांनी खिडकीकडे बघत सांगितलं.

ताई दारात कप घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती ओरडेल असं मला वाटलं, पण ती ओरडली नाही. "अहो," ती म्हणाली, "घरात आलेली नोट तुम्ही लपवून ठेवलीत, ही पहिलीच."

भावोजींनी चहा घेतला नाही. आत जाऊन दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि चौकट पुन्हा त्याच टॉवेलात गुंडाळली. "मास्तरीणबाई, पनवेलला जायचंय."

इस्पितळात मावशी पलंगावर आडव्या होत्या, पायाला वजन लावलेलं. दोन दिवसांनी ऑपरेशन होतं. मुलगा शेजारी बसला होता. भावोजींनी उभ्याउभ्याच सांगायला सुरुवात केली. नोटेची किंमत सांगितली. आपल्याला ती पहिल्या दिवसापासून माहीत होती हेही सांगितलं. "धाकूला वाटलं होतं कागद देऊन फसवलं," ते म्हणाले. "त्याला कुणी फसवलं नव्हतं. मी फसवत होतो." मुलगा उठून उभा राहिला, त्याचा चेहरा बदलला, पण आईने हात वर केला तसा तो परत बसला.

मावशी म्हणाल्या, "आठ दिस कुटं व्हतास?"

"घरीच. नोट बघत होतो."

"बघून जीव निवला?"

"नाही."

मावशींनी छताकडे पाहिलं. शेजारच्या पलंगावरची बाई कण्हत होती, ती शांत होईपर्यंत त्या थांबल्या. "मंग इकून टाक," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्याचा पगार शंभर वर्सानी निगाला म्हनायचा. माज्या पायाला लागू दे."

फळीवरून नोट सोडवायचं काम भावोजींनी स्वतः केलं. त्या दिवशी ताईचं स्वयंपाकघर बंद होतं. पंखा बंद, खिडक्या बंद, जोरात श्वास घ्यायची बंदी. किटलीच्या वाफेवर थोडी थोडी खळ मऊ करायची, हाडाच्या पातळ सुरीने केसभर सरकायचं, थांबायचं, पुन्हा वाफ. सकाळी नऊला बसलेले भावोजी दुपारी अडीचला उठले तेव्हा नोट टिपकागदावर सुटी पडली होती, चारही कोपरे शाबूत. त्यांनी तिची मागची बाजू पहिल्यांदाच पाहिली. तिथे निरनिराळ्या लिपींमध्ये किंमत छापलेली होती. ते म्हणाले, इतक्या भाषांत लिहून ठेवलं होतं आणि धाकूला ह्यातली एकही वाचता येत नव्हती. आम्ही वडापाव मागवून खाल्ले.

मुंबईतल्या व्यापाऱ्याकडे त्यांच्याबरोबर मीच गेले होते. पातळ पिशवीत नोट आणि तिच्या मागे भावोजींनी सुवाच्य अक्षरात लिहिलेली चिठ्ठी: 'धाकू, राहणार कडाव. खोपोलीच्या वीजघराच्या पाइपांवर मजूर. ही त्याची मजुरी. त्याने खर्च केली नाही.' व्यापारी सभ्य माणूस होता. त्याने योग्य भाव दिला. चिठ्ठी मात्र त्याने वाचून परत केली. "काका, गिऱ्हाइकाला नोटेची कंडिशन लागते. कुणाची होती त्याने भाव वाढत नाही." भावोजींनी ती चिठ्ठी घडी न घालता वहीत ठेवली. पैसे त्याच संध्याकाळी इस्पितळात पोचले. मुलाने त्यांचे पाच हजार परत केले, ते त्यांनी घेतले, आणि त्या दोघांमध्ये पुढे कधीच पूर्वीसारखं मोकळेपण आलं नाही. भावोजींना ते रास्त वाटत होतं. मी एकदा काही म्हणायला गेले तर म्हणाले, राहू दे, त्याचं बरोबर आहे.

दिवाळीनंतर मावशी वॉकर घेऊन ओटीवर यायला लागल्या. आम्ही गेलो तर भिंतीवर नोटेच्या जागी फिकट चौकोन होता. मावशी म्हणाल्या, "आता काय बघायला आलास?" भावोजी म्हणाले, चहा प्यायला. नंतर आम्ही जात राहिलो. स्टूल आता म्हशीच्या दुधाच्या किटलीखाली होतं. मावशी आणि भावोजी ओटीवर बसून समोरच्या शेतातलं भात बघत बोलत असायचे, कधी काहीच न बोलता बसायचे. ह्या वर्षी माघात मावशी गेल्या. झोपेतच गेल्या.

भावोजी आता चौऱ्याहत्तरचे आहेत. हात कापतो, त्यामुळे रविवारी मी जाऊन अल्बमची पानं उलटून देते. मागच्या महिन्यात पुण्याहून एक संग्राहक संग्रह बघायला आले होते. एका पानापाशी त्यांनी मला थांबवलं. एका खणात नोट नव्हती, धाकूची चिठ्ठी होती. इथे काय होतं, त्यांनी विचारलं. भावोजी सांगू लागले, घाटापासून, पाइपांपासून, कडावच्या दुकानदारापासून. पाहुणे बिचारे नोट केव्हा येते ह्याची वाट बघत होते. तासभर झाला, त्यांच्या गाडीची वेळ झाली, ते नमस्कार करून गेले. गोष्ट तोवर मावशींच्या लग्नापर्यंतच आली होती.

मी पान मिटायला घेतलं तर भावोजींनी हात मध्ये ठेवला. ते चिठ्ठीकडे बघत होते.

"मास्तरीणबाई," ते म्हणाले, "धाकू दिसायला कसा होता गं?"

मला माहीत नव्हतं. फोटो तर नव्हताच. सांगू शकणारं एकच माणूस होतं.

"इतकी वर्षं जात होतो," भावोजी म्हणाले, "आणि हे विचारायचं राहूनच गेलं."